डावा पाय आणि लाल तेल

धुळे व जळगाव जिल्ह्यांतील समस्त वाहनधारक बंधुभगिनींना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आपल्या डाव्या पायास सेवेतून मुक्त करण्यात आले आहे. सदर पायाने इतकी वर्षे इमानेइतबारे क्लच दाबला, त्याबद्दल कोणताही निरोप समारंभ होणार नाही. शाल, श्रीफळ, पेढे यांपैकी काहीही मिळणार नाही. ऑटोमॅटिक गाडीत बसताना सदर पायाने यापुढे एका कोपऱ्यात गप्प बसावे व उजव्या पायाच्या कामात ढवळाढवळ करू नये. हुकुमावरून.

हुकूम काढणारा मी, सलीम. धुळ्याच्या पारोळा रोडवर माझं गॅरेज आहे, पण मी तिथे क्वचितच सापडतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदलणं हा माझा धंदा, आणि ते मी लोकांच्या घरी जाऊन बदलतो. घरी का? मी सांगतो की गाडी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर उघडावी, म्हणजे मनात शंका राहत नाही. हे खरं आहे. त्याहून खरं हे की मला लोकांची अंगणं बघायला आवडतात, आणि गॅरेजमधला चहा मला आवडत नाही.

ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो असं लोक म्हणतात. साफ खोटं. क्लच असतो, एक नाही, चांगले चार-पाच असतात. ते गिअरबॉक्सच्या पोटात बसलेले असतात आणि त्यांना दाबायला पाय लागत नाही, तेल लागतं. गाडीला वाटलं की आता वरचा गिअर हवा, की तेल एका वाटेने जोरात जातं, चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात, गिअर पडतो. म्हणजे डाव्या पायाची नोकरी गेली ती तेलाला लागली. एवढं समजलं की माझा अर्धा धंदा समजला.

उरलेला अर्धा म्हणजे, नोकरी गेल्याचं त्या पायाला कुणी कळवलेलं नसतं.

जळगावचे एक सोन्याचे व्यापारी, रतीभर वजन इकडचं तिकडे होऊ न देणारे गृहस्थ. त्यांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. पहिल्याच दिवशी चौक आला, शेटजींनी सवयीने डावा पाय उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून क्लच दाबला. क्लच तिथे नव्हता. तिथे होतं ब्रेकचं चांगलं रुंद पेडल. गाडी खिळल्यासारखी उभी राहिली. मागे त्यांच्या मातोश्री वांग्याच्या भरिताचं पातेलं मांडीवर धरून बसल्या होत्या. पातेलं मांडीवरच राहिलं, भरीत पुढच्या काचेवर गेलं. मातोश्री त्यावर जे बोलल्या ते दिवाळी अंकात छापता येत नाही. शेटजींनी मला फोन केला, "सलीमभाई, गाडीला ब्रेक फार लागतो. थोडा कमी करून द्या."

तेव्हापासून माझी एक पद्धत आहे. नवीन ऑटोमॅटिकवाला भेटला की मी आधी त्याची डावी चप्पल जप्त करतो. ती मागे टाकायची आणि अनवाणी पाय सीटखाली दुमडून बसायचं. अनवाणी पायाला आपण कामावर नाही हे लवकर कळतं. कलेक्टर कचेरीतले साहेब असोत की कापसाचे व्यापारी, सगळ्यांच्या डाव्या चपला मी गोळा केल्या आहेत. त्यातल्या दोन-तीन अजून माझ्याकडे आहेत. मालक न्यायला आलेच नाहीत. मी कारण विचारलेलं नाही.

आता तेलाचं. नवं तेल लाल असतं. आपल्याकडच्या माणसाला मी एकच उपमा देतो, चांगल्या शेवभाजीची तर्री. तोच रंग, तीच झळाळी. गाडी चालता चालता ते तपकिरी होतं, मग काळं पडतं, मग त्याला करपल्याचा वास येतो. करपलेल्या भाजीला आपण जेवायला बसणार नाही. गिअरबॉक्स बिचारा तेच पुढ्यात घेऊन बसतो.

काम बाहेरून सोपं दिसतं. खालचा बोल्ट काढा, काळं सोडा, लाल भरा. पण बोल्ट काढला की निम्मंही तेल बाहेर येत नाही, बाकीचं आत लपून बसतं. मग जेवढं निघालं तेवढंच मोजून भरायचं, गाडी थोडी फिरवायची, पुन्हा सोडायचं, पुन्हा भरायचं, लाल दिसेपर्यंत. शेवटी पातळी बघायची तर गाडी सपाट जमिनीवर हवी, इंजिन चालू हवं, तेल कोमट हवं. कमी पडलं तर गिअर घसरतो, जास्त झालं तर तेल फेस धरतं. आणि तेल त्याच गाडीचं हवं. रावेरच्या एका केळीवाल्या भाऊंना हे मान्य नव्हतं. "तेल म्हणजे तेल," असं म्हणून त्यांनी पिकअपमध्ये ट्रॅक्टरचं तेल ओतलं. त्या दिवसापासून गाडीने मागे जायचं सोडून दिलं. भाऊ खचले नाहीत. त्यांनी मागे जायची वेळच येणार नाही असे रस्ते शोधले, आणि जिथे आलीच, तिथे केळी भरणारी माणसं शेवटचा घड चढवला की गाडी ढकलून मागे घेत. मी गेलो तेव्हा त्या माणसांनी माझ्यासाठी गाडीखाली केळीची पानं अंथरली होती. हिरव्या पानावर उताणा पडून मी काम केलं. वाढून ठेवल्यासारखं वाटत होतं. गाडी स्वतःहून मागे गेली तेव्हा सर्वांत मोठ्याने ओरडली ती ढकलणारी मंडळीच.

या धंद्यात भीती एकच आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. फार जुनं, करपलेलं तेल काढलं की काही गिअरबॉक्स कायमचे बसतात. आतल्या चकत्या झिजून त्यांचा भुगा तेलात मिसळलेला असतो, आणि कधी कधी त्या भुग्याच्या खरखरीवरच चकत्या एकमेकींना धरून असतात. तेल गेलं, भुगा गेला, पकड गेली. म्हणून मी आधी खालचा चेंबर उतरवतो. चेंबर म्हणजे तेलाचं ताट. त्यात लहान लहान चुंबकं असतात. चुंबकांवर काजळासारखा मऊ लेप निघाला तर हो म्हणायचं. खोबऱ्याच्या किसासारखे चमकते तुकडे निघाले तर हात जोडायचे.

आता सोनगीरच्या आबांकडे चला.

फोन अक्कांचा, म्हणजे आबांच्या बायकोचा, आला. "सलीमभाऊ, आमनी गाडीले हिचकी लागनी शे. तुमी येतस का? पन यास्ले सांगू नका मी बलायं म्हनीसन."

आबा म्हणजे आग्रा रोडवरचे जुने ट्रक ड्रायव्हर. पुढे स्वतःचा ट्रक केला, मग आणखी एक. मग साखर लागली, एका साध्या जखमेचं निमित्त झालं आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ट्रक विकले. नाशिकच्या मुलाने त्यातून ही मोठी पिकअप घेऊन दिली, ऑटोमॅटिक, म्हणजे एका पायावर चालवता येईल. लायसन्सवर तशी नोंदही करून घेतली. आबा रोज सकाळी आसपासच्या मळ्यांतला भाजीपाला भरून धुळ्याच्या मार्केटला नेत आणि येताना हायवेवरच्या चहाच्या टपरीवर जुन्या ड्रायव्हर मंडळींत तासभर बसत. अक्का प्रत्येक खेपेला मागच्या सीटवर.

अलीकडे गाडी प्रत्येक गिअरला झटका मारत होती. दोनदा रस्त्यात रुसली होती. मुलाने सांगून टाकलं होतं, आणखी एकदा हायवेवर अडकलात तर गाडी मी घेऊन जाणार.

"पाय कापा तवय काय व्हयनं, तुमले म्हाइत नही," अक्का फोनवर म्हणाल्या. "हाऊ मानूस दिनभर भितीकडे तोंड करी पडेल ऱ्हाये. गाडी उनी तवय कुशीवर वळना. गाडी गयी का पुन्हा भितीकडे तोंड करी, अन मंग मी कितली बी हाक मारू, वळाव नही."

मी गेलो तेव्हा आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पांढऱ्या मिशा, पांढरा सदरा, एक पाय जमिनीवर. दुसरा, लाकूड-रबराचा, भिंतीला टेकवून ठेवलेला.

"तुले कोनी बलायं?"

मी नाटकी माणूस आहे, पण अशा डोळ्यांपुढे माझं नाटक चालत नाही. मी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी पदर सावरला. "मी बलायं. काय करशात?"

"काही नही. चहा पी, भाऊ, अन जाय. गाडीले हात लावानं काम नही."

"आबा, हात नाही लावत. नुसता शेजारी बसतो. एक चक्कर."

ड्रायव्हरला चक्कर मारायला सांगितली की तो नाही म्हणू शकत नाही. हा माझा अनुभव आहे.

गाडीजवळ गेलो तर मागच्या चाकाला एक दगड लावलेला. अक्का वाकल्या आणि दगड काढून बाजूला ठेवला. मी म्हणालो, "अक्का, गाडी पार्किंगला असते तेव्हा दगड लागत नाही. आत खुंटी पडते."

"तुनी खुंटी कोनी दखी?" अक्का म्हणाल्या. "दगड दखास."

मग अक्का मागे चढल्या, आबांनी खोटा पाय काढून सीटमागे टाकला, मी सवयीने म्हणून गेलो, "आबा, ऑटोमॅटिकवाल्यांची डावी चप्पल मी जप्त करतो बरं का."

म्हटलं आणि जीभ चावली. आबा हसले. पोट हलवून, मिशी हलवून हसले. "मना डावा जोडा तं पहिलेच जप्त व्हयेल शे!"

गाडी निघाली. पहिला झटका बसला, माझी मान पुढे गेली. दुसरा बसला. तिसऱ्याला मी गाडीकडे नाही, आबांकडे बघत होतो, आणि मला ते दिसलं. झटका बसायच्या क्षणाला आबांची डावी मांडी उचलली जायची आणि पुढे रेटली जायची. पायजम्याची गाठ मारलेली रिकामी बाजू हवेत डुलायची. मग मांडी हळूच खाली. पुन्हा झटका, पुन्हा मांडी. आबांचा चेहरा तेव्हा असा असायचा, जणू लांबच्या गावी गेलेल्या माणसाला कुणीतरी त्याच्या घरातल्या नावाने हाक मारावी.

त्यांना कळलं की मला दिसलं.

"क्लच दाबस," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "रातदिन नही. घरमा नही. फक्त आठे. झटका बसस ना भाऊ, तवय मना पाय आठेच शे आसं वाटस. पार आंगठापावत. तळवाले क्लच लागस. थंडा लागस."

मी पायजम्याच्या त्या गाठीकडे बघितलं.

"तेल बदलं का झटका जाई. बरोबर शे ना?"

"जाईल, आबा."

"मंग पाय बी जाई. एक डाव गया तो गया. दुसरा डाव नही."

मागच्या सीटवर अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. सोनगीरचा किल्ला मागे पडत होता. त्यांना हे माहीत होतं का? मला वाटतं, नव्हतं. त्यांना वाटत होतं की म्हातारा हट्ट करतो आहे. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की झटका हा रोग आहे. झटक्यासाठी गाडी चालवणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. एक गोष्ट मात्र आबांना सांगायला हवी होती आणि माझं तोंड उघडत नव्हतं. तो झटका कायमचा नव्हता. असंच चालवलं तर थोड्या दिवसांत झटकाही जाणार होता आणि गाडीही.

मला सांगावं लागलं नाही. गाडीनेच सांगितलं. परतताना हायवेवरचा पूल चढत होतो. गिअर पडायची वेळ आली, आबांची मांडी उचलली गेली, आणि झटका आलाच नाही. गिअर लागलाच नाही. इंजिन नुसतं किंचाळायला लागलं आणि गाडी ढिली पडून मागे ओढल्यासारखी झाली. मागे कंटेनर होता. त्याचा हॉर्न आधी कानात शिरला, मग छातीत. आबांनी गाडी कशीबशी डावीकडे घेतली. कंटेनर आरशाला चाटून गेला, त्यातला तरणा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला, "घर बसो ना, बाबा!"

गाडी कडेला थांबली. अक्का उतरल्या, कडेचा एक दगड उचलला आणि चाकामागे लावला. तिथेच दगडाजवळ बसून राहिल्या.

आबांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. आग्रा रोडवर आयुष्य गेलेल्या माणसाला आग्रा रोडवर कुणी घरी बसायला सांगितलं होतं. त्यांची मांडी अजून वरच होती, खाली यायची विसरली होती. त्यांनी आरशात बघितलं. आरशात फक्त अक्कांची पाठ दिसत होती.

मग ते म्हणाले, "सलीम. खड्डा उघड."

इंजिन गार झाल्यावर गाडी खालच्या गिअरवर रांगत घरी आणली. आबांच्या अंगणात ट्रकच्या जमान्यातला दुरुस्तीचा खड्डा होता. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या पट्ट्या, मध्ये माणूसभर खोल. ट्रक गेल्यापासून त्यावर फळ्या टाकलेल्या आणि फळ्यांवर अक्कांच्या कुरडया वाळत घातलेल्या. आम्ही कुरडया उचलल्या, फळ्या सरकवल्या. आतून वास आला. डिझेल, ग्रीस, जुनी माती. आबा खुर्ची ओढून काठाशी आले आणि वाकून तो वास घेत राहिले.

मी आत उतरलो. तुम्हाला सांगतो, मी याच वासात वाढलो. वडिलांच्या गॅरेजात ट्रकचे गिअरबॉक्स खोलत होतो तेव्हा दात हाताला लागायचे, कोणता दुखतो ते बोटाला कळायचं. आता मी तेल बदलतो, आतलं काही मला भेटत नाही. ज्या तेलाने पायाची नोकरी घेतली त्याने माझ्या बोटांचीही घेतली. पण त्याच तेलावर माझी चूल पेटते, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

बोल्ट काढला. धार पडली, काळी, दाट, करपलेली.

"बठ्ठं काळं?" वरून आबा.

"सगळं काळं, आबा."

"आजून पडू दे."

तेल निथळेपर्यंत आबा बोलत होते. या खड्ड्यावर त्यांनी किती तरी पोरांना ड्रायव्हर केलं. सगळ्यांना एकच खोड, गिअर टाकून झाला तरी पाय क्लचवरच ठेवायचा. तसा पाय राहिला की क्लचची प्लेट घासून जळते. "मी शेजारे बशी आरडू, क्लचवरना पाय काढ, पलेट जळी जाई! इंदूरपावत तेच. घसा बशी जाये."

"मले बी पाठ व्हयी गयथं," अक्का ओट्यावरून म्हणाल्या. "नीजमा बी तेच बोलेत. मी घाबरी उठू, मना पाय कोठे शे म्हनीसन."

मग चेंबरचे बोल्ट. ते सैल करताना माझा हात जरा जपून चालला. खाली काय निघणार यावर त्या खुर्चीतल्या माणसाचं तोंड कुठल्या दिशेला राहणार ते ठरणार होतं. चेंबर हातात आला. मी तो घेऊन बसलोच थोडा वेळ.

"काय शे?" आबा.

मी चुंबकावर बोट फिरवलं. मऊ. काजळासारखं. दुसऱ्यावर फिरवलं. मऊ. तिसऱ्याच्या कडेला एकच बारीक कण टोचला. तो मी नखावर घेऊन उजेडात धरला. वाळू होती, खड्ड्याच्या काठावरून पडलेली; लोखंड नव्हतं. मी खड्ड्यातून हात वर काढला आणि ते काळं बोट आबांपुढे धरलं. त्यांनी ते आपल्या अंगठ्यावर घासून बघितलं आणि मान हलवली. आम्हा दोघांना पुढे बोलावं लागलं नाही. अक्कांना सांगावं लागलं. "अक्का, वाचला!" त्या चहा ठेवायला आत गेल्या आणि खूप वेळ बाहेर आल्या नाहीत.

तेल गाळायची नवी जाळी, नवं पॅकिंग, चेंबर परत जागेवर. निघालं तेवढं मोजून लाल भरलं. अंगणातच गाडी सुरू करून गिअरची दांडी सावकाश सगळ्या खाचांतून फिरवली, पुन्हा सोडलं, पुन्हा भरलं. काळ्याचं तपकिरी झालं, तपकिरीचं विटकरी, आणि शेवटी खड्ड्यात तर्रीसारखी लाल धार पडली. पातळी बघण्याआधी गाडी सपाट आहे की नाही ते तपासायला मी अक्कांकडे परात मागितली. मागच्या हौद्यात परात ठेवून काठोकाठ पाणी भरलं. एकाही बाजूने सांडलं नाही. एवढ्या वर्षांपूर्वी गवंड्याने केलेल्या पट्ट्या, त्यांच्यावरून ट्रक गेले, कुरडया गेल्या, तरी जागच्या हलल्या नव्हत्या. मी गवंड्याचं नाव विचारलं. आबा म्हणाले, "मीच."

मग चक्कर. आबा स्टेअरिंगवर, मी शेजारी, अक्का दगड काढून मागे.

गाडी निघाली ती लोण्यातून सुरी जावी तशी. पहिला गिअर कधी गेला कळलं नाही. दुसरा कधी आला कळलं नाही. एरवी या वेळी मी गिऱ्हाइकाकडे बघून भुवया उडवतो आणि कौतुकाची वाट बघतो. त्या दिवशी मी आबांच्या मांडीकडे बघत होतो. मांडी सीटवर पडून होती. गिअर बदलत होते आणि ती पडूनच होती.

"झोपी गयी का काय गाडी?" आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. तेच मला सहन झालं नाही.

फाटा गेला, टपरी गेली. नरडाण्याच्या दिशेला वळलो. मला वाटायला लागलं की मी या माणसाच्या अंगणात येऊन, त्याच्याच खड्ड्यात उतरून, त्याचा पाय दुसऱ्यांदा कापला. वर त्याच्या बायकोच्या हातचा चहा प्यालो.

पुढे चढ होता. आबांनी पंखा बंद केला. मग काच खाली केली. वारा आत आला, त्याबरोबर इंजिनाचा आवाज आला. आबांनी मान किंचित उजवीकडे झुकवली. जुने ट्रक ड्रायव्हर अशी मान झुकवतात, काटे बघत नाहीत. इंजिन चढाला लागलं, आवाज भरत गेला, भरत गेला, आणि जिथे तो आता उतरणार असं वाटलं, तिथे आबांची मांडी उचलली गेली. पुढे रेटली गेली. आणि मग, मांडीच्या मागून, आवाज खाली आला. गिअर पडला होता. ना झटका, ना धक्का. तेलाच्या आधी पाय पोचला होता.

मला वाटलं योगायोग असेल. पुढच्या उतारावर पुन्हा तेच. पुढच्या चढावर पुन्हा. आबांचा अंगठा स्टेअरिंगवर ताल धरायला लागला. मिशी हलली. मग म्हाताऱ्याला मस्ती आली. गिअर पडून गेला, गाडी सुतासारखी धावायला लागली, तरी त्याने मांडी खाली घेतलीच नाही. तशीच पुढे रेटून धरली, पायजम्याची गाठ वाऱ्यावर फडफडत राहिली, आणि डोळे मिटल्यासारखे करून तो माणूस त्या थंड क्लचवर पाय ठेवून बसला. मी हसावं की काय करावं या विचारात होतो.

मागच्या सीटवरून अक्का पुढे झुकल्या. त्यांनी आबांच्या खांद्यावरून खाली बघितलं, त्या वर धरलेल्या मांडीकडे, आणि विचार करायच्या आत त्यांच्या तोंडून खणखणीत निघून गेलं,

"ओ आबा, क्लचवरना पाय काढा, पलेट जळी जाई!"